उसाच्या हंगामातलं बाळंतपण

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्याकडे हवेला वास येतो. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या बाजूनं वारं सुटलं की मळीचा उग्र, गोडसर वास घरात शिरतो. दोरीवरच्या कपड्यांना लागतो, उशीच्या अभ्र्यांना लागतो, शाळेत नेलेल्या डब्यातल्या भाकरीलाही लागल्यासारखा वाटतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसत नाही. आम्हाला मात्र तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

यंदा तो पहिल्यांदा आला तेव्हा मी शाळेतून घरी निघाले होते. फाट्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर पुढं होता, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की रस्ता पुरेना. ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा लावलेला, त्यातून गाणं सुरू. माझ्या मागचे मोटरसायकलवाले हॉर्न वाजवून थकले. मी स्कूटरचं इंजिन बंद केलं, खांदे खाली सोडले, दातावरचे दात सुटे केले आणि श्वास लांबवर सोडत बसले. हे मी ठरवून करत नाही. उसाची ट्रॉली आडवी आली की माझं अंग आपणहून सैल पडतं. मेंदूआधी अंगालाच ते आठवतं.

चार वर्षं झाली. पौषातली सकाळ होती, हंगाम ऐन भरात होता आणि माझी धाकटी, गार्गी, त्या दिवशी जन्माला आली.

पण तिची गोष्ट सांगायची तर आधी थोरल्याची सांगावी लागते. शंभू झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ज्या दवाखान्यात झाला त्याचं नाव आता घेत नाही. तिथं गर्दी फार होती आणि माणसं दमलेली होती एवढंच म्हणते. सकाळी गेलेली मी, संध्याकाळपर्यंत त्या लोखंडी कॉटवर होते. कळ आली की माझ्या तोंडून ओरड निघायची. आणि ओरडले की एक आया यायची आणि म्हणायची, "आता बोंबलतीस, तवा कळलं नव्हतं व्हय?" बाजूच्या कॉटवरची बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला बहुतेक हे आधीच ऐकवून झालं असावं.

दारात माझी सासू उभी होती. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्ती आत डोकावल्या आणि मला वाटलं, आता या तिला काहीतरी बोलतील. आत्तींची जीभ गावात प्रसिद्ध. दुधाच्या डेअरीत फॅट कमी लावलं म्हणून त्यांनी भरल्या लोकांत सेक्रेटरीला झापलं होतं. त्या माझ्या उशाशी आल्या, वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "वरडू नगंस. भाईर माणसं हायत."

मी ओरडायचं थांबले. ओठ दाताखाली धरला. शंभू सुखरूप झाला, वजनही चांगलं भरलं, पेढे वाटले गेले. माझ्या ओठाला आतून दोन टाके पडले होते, ते कुणाला दिसले नाहीत.

त्यानंतरची पाच वर्षं मला फिनेलचा वास आला की हात गार पडायचे. शाळेच्या मुतारीत फिनेल टाकलं तरी. मी आठवी-नववीला गणित शिकवते. भीतीला कारण असतं आणि कारण कळलं की भीती जाते, असं मला वाटायचं. कारण तर मला पाठ होतं. भीती जात नव्हती. आत्तींशी माझं बोलणं चाललं होतं, घर चाललं होतं, त्या माझ्या पोराला अंगाखांद्यावर वाढवत होत्या. पण त्या शब्दांची अढी मनात बसली ती बसलीच. त्यांनी ताटात भाकरी वाढली तरी मधूनच मला ते ऐकू यायचं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, सिझरच करून घ्यायचं. तारीख ठरवायची, भूल घ्यायची, उठायचं तेव्हा मूल पाळण्यात. माझे यजमान, संदीप, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत आहेत. ते म्हणाले, "तुला बरं वाटतंय तसं करू." कोल्हापुरात आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. त्यांना मी पहिल्याच भेटीत हे सांगितलं. वाटलं, त्या हसतील किंवा समजूत घालतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागले आणि रडायला लागले. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्या बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सिझर हवं असेल तर करू. हक्क आहे तुमचा. पण अजून चार महिने आहेत. तोवर रविवारी महादेवी सिस्टरांकडे जाऊन या. नाही जमलं तर मी आहेच."

महादेवी सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मूळच्या गडहिंग्लजकडच्या, घरात कन्नड, बाहेर मराठी. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. खाली चटया, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि सात-आठ पोटुशा बाया, सोबत त्यांचे अवघडलेले नवरे. दारावर कागद चिकटवला होता: 'प्रसूतीसाठी स्वसंमोहन व शिथिलीकरण'. तो वाचून संदीप हळूच म्हणाले, "हितं लंबक-बिंबक हलवत्यात काय गं?"

लंबक नव्हता. सिस्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं. "इथं कुणी तुम्हाला झोपवणार नाही. कुणाच्या ताब्यात जायचं नाही. आपणच आपल्याशी बोलायचं आणि अंगाला ऐकायची सवय लावायची, एवढंच. यानं दुखणं जातं असं मी म्हणणार नाही. भिऊन आपण अंग आवळतो, आवळलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की आणखी भितो. हा फेरा मधे कुठंतरी सोडवायचा. आणि डॉक्टरांनी सिझर करायला सांगितलं तर निमूट करून घ्यायचं. त्यात कुणी हरत नाही."

मला त्यांचा हा स्वच्छपणा आवडला. चमत्काराचं आमिष दाखवलं असतं तर मी दुसऱ्या रविवारी गेले नसते.

आम्ही डोळे मिटून पडायचो. श्वास चार आकड्यांत आत, आठ आकड्यांत बाहेर. मग कपाळ सैल, पापण्या सैल, जबडा सैल. जबड्यावर सिस्टरांचा फार भर. "वरचं तोंड मिटलं की खालचं उघडत नाही," त्या म्हणायच्या आणि नवरे लोक छताकडे बघायचे. कळ हा शब्द तिथं वापरायचा नाही, लाट म्हणायचं. लाट येते, चढते, उतरते. कुठलीही लाट मिनिटभराच्या वर टिकत नाही. बोलता बोलता त्या मधेच "निधान, निधान" म्हणायच्या. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. तो शब्द त्यांच्या तोंडून असा यायचा, जसं कुणी अंगावर पांघरूण घालतंय.

मनात एक जागा शोधायला त्यांनी सांगितलं होतं, जिथं आपल्याला काही होत नाही अशी. बहुतेकींनी समुद्र निवडला. मला समुद्राची सवय नाही. पहिले दोन रविवार जागाच सापडेना. तिसऱ्या रविवारी अचानक आमच्या रानातला पाट दिसला. उसाला पाणी सोडलेलं, दुपारचं ऊन, सरीतून पाणी पुढं सरकतंय, कोरडी ढेकळं एकेक करून भिजून खाली बसतायत आणि मी बांधावर बसून पाय पाण्यात सोडलेत. पाणी कुठल्याही ढेकळाशी भांडत नव्हतं. मी डोळे उघडले तेव्हा वर्ग सुटायची वेळ झाली होती आणि पंचवीस मिनिटं गेली होती. मला पाचच वाटली.

घरी रोज दुपारी सराव करायचा. सिस्टरांचा आवाज मी मोबाईलमध्ये भरून आणला होता. संदीपनी पण वाचून दाखवायचं असं ठरलेलं. ते कागद समोर धरून वाचायचे, "आता तुमचे खांदे सैल होत आहेत," अगदी कारखान्यातली सुरक्षेची प्रतिज्ञा म्हणावी तसं. मला हसू फुटायचं, पोट हलायचं, आतलं बाळ लाथ मारायचं. संदीप म्हणायचे, "बघ, त्याला तरी पटालंय."

आत्तींना यातलं काही पटत नव्हतं. गोठ्यात शेण भरता भरता शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "सून माझी झोपायला शिकाय कोल्हापुरापातूर जातीया. घरात काय वाकळ न्हाय?" मी आतून ऐकायची आणि मनातली अढी आणखी एक पीळ घट्ट व्हायची.

एका रविवारी संदीपना ओव्हरटाईम आला. आठव्या महिन्यात एकटीनं एसटीनं जायचं नाही, असं आत्तींनी परस्पर ठरवलं आणि त्याच निघाल्या. जरीच्या काठाचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचा लाडू. वर्गात त्यांना खुर्ची दिली. बाकीच्या बाया चटईवर पडल्या, सिस्टरांनी सुरू केलं. श्वास, कपाळ, पापण्या, जबडा. खोली गप्प झाली. आणि पंधराएक मिनिटांनी मागून घोरण्याचा आवाज आला. चांगला मोठा. सगळ्यांत आधी संमोहन लागलं होतं ते आमच्या आत्तींना.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर मात्र खुलून हसल्या. "अक्का, तुम्ही फर्स्ट क्लासात पास," त्या म्हणाल्या. आत्ती खडबडून उठल्या, पदर सावरला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं विचारलं, "संपलं व्हय?"

परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उसाची रानं चालली होती, तुरे आलेले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, ही तर म्हस पान्हवायची तऱ्हा हाय."

मला राग आला. आपल्याला म्हशीच्या पंगतीला बसवलं म्हणून. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात धार काढायचा आवाज ऐकून मी दारापर्यंत गेले. चंद्री नावाची म्हैस पहिल्यांदाच व्यालेली होती. हात लावू देत नव्हती, लाथा झाडत होती, दूध आखडून धरत होती. आत्तींनी बादली लांब ठेवली होती. तिच्या पाठीवर, माकडहाडाच्या जरा वर, तळवा टेकवून त्या नुसत्या उभ्या होत्या आणि हळू, एका सुरात बोलत होत्या. "हां गं बाय. हां. कुणी न्हाय. कुणी न्हाय हितं. सोड. सोड गं माझी बाय." एकच वाक्य पुन्हा पुन्हा, कसली घाई नाही. गावाला झापणाऱ्या बाईचा हा आवाज मी लग्नाला आठ वर्षं झाली तरी ऐकला नव्हता. धारेच्या वेळी मी चुलीपाशी असायची. चंद्रीचे कान हळूहळू खाली आले. मग तिनं मोठा उसासा टाकला आणि आत्ती खाली बसल्या. मी चुलीपाशी परत फिरले.

तो दिवस उजाडला तेव्हा संदीप पहिल्या पाळीला गेले होते. पावणेआठ वाजले असतील. शंभूची वेणी... नाही, वेणी गार्गीची घालते मी आता. शंभूला शाळेचा शर्ट घालत होते, तेव्हा पहिली लाट आली. दोन बटणं लावून झाली आणि दुसरी आली. तारखेला अजून आठ दिवस होते. फौंड्रीच्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या जागी, मोबाईल नेता येत नाही, लॉकरला ठेवावा लागतो, त्यामुळे संदीपचा फोन नुसता वाजत राहिला. आत्तींनी शंभूला शेजारी पोचवलं, शेजारच्या तुकाराम काकांना गाडी काढायला लावली, पिशवी उचलली आणि दहा मिनिटांत आम्ही रस्त्याला लागलो.

फाटा ओलांडला नाही तोवर पुढं उसाचे ट्रॅक्टर. एकामागं एक पाच. समोरूनही रिकाम्या ट्रॉल्या परतत होत्या, त्यामुळे पुढं घुसायला जागा नाही. कर्ण्यांचा गोंगाट चाललेला. मी कानाला लावायला मोबाईल शोधू लागले. पिशवीत नव्हता. चार्जिंगला लावलेला तसाच घरी राहिला होता.

"आत्ती, मोबाईल राहिला. त्यात सिस्टरांचा आवाज होता."

"ऱ्हाऊ दे. मोबाईल काय बाळंतपण करणार हाय?"

त्याच वेळी मोठी लाट आली आणि मी सगळं विसरले. चार आकडे नाहीत, आठ आकडे नाहीत, पाट नाही, पाणी नाही. दात आवळले गेले. बंद गाडीत मला फिनेलचा वास आला, जो तिथं असणं शक्यच नव्हतं. तोंडातून आवाज फुटला आणि मी आत्तींकडे बघितलं. त्या आता काय म्हणणार हे मला ठाऊक होतं.

आत्तींनी पिशवी पायाशी ठेवली. माझ्याकडे सरकल्या. त्यांचा खरखरीत तळवा माझ्या कमरेच्या वर येऊन टेकला.

"हां गं बाय," त्या म्हणाल्या. "हां. कुणी न्हाय हितं. तू न् मी. सोड. खांदं सोड. त्वांड सोड."

तोच आवाज होता. गोठ्यातला.

माझा जबडा सुटला. श्वास बाहेर गेला, खूप लांबवर गेला, आणि त्याच्यामागून लाटही उतरली. पुढच्या लाटेला त्यांनी मला आकडे शोधत बसू दिलं नाही. ती यायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. माझ्या पोटावर ठेवलेल्या डाव्या हातानं त्यांना ती माझ्याआधी कळत होती. तुकाराम काका पुढं बघून गाडी चालवत होते आणि ट्रॅक्टरवाल्यांना हात करून विनवत होते. चौथ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं आरशात बघितलं असावं. त्यानं गाणं बंद केलं, ट्रॉल्या अर्ध्या रस्त्याखाली उतरवल्या आणि पुढच्यालाही ओरडून तसंच करायला लावलं. त्याचा चेहरा मी बघितला नाही. त्याचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. नर्सनं सांगितलं, सोबत एकच माणूस आत येईल, शक्यतो नवरा. मी म्हटलं, "नवरा कामावर आहे. आत्ती येतील." आत्तींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्यांना दिलेला हिरवा गाऊन त्यांनी घाईत उलटा घातला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

पुढच्या चार तासांत मला कुणी झोपवलं नाही. मी सगळं ऐकत होते. बाहेरची स्ट्रेचरची चाकं, नळाचं पाणी, डॉक्टरीणबाईंच्या बांगड्या. पण ते सगळं काठावर होतं आणि मी पाटात पाय सोडून बसले होते. मधूनच पाणी डोक्यावरून जायचं. दुखत नव्हतं असं मी म्हणणार नाही. फार दुखत होतं. पण मागच्या वेळी दुखणं आणि मी एकमेकांवर तुटून पडलो होतो, या वेळी ते माझ्यातून जात होतं आणि मी त्याला जाऊ देत होते. एक लाट उतरली की दुसरी येईपर्यंतच्या वेळात मी चक्क डुलकी घेत होते. आत्तींचं "सोड गं बाय" चालूच होतं. घसा बसला तरी थांबल्या नाहीत. नर्सनं पाणी पुढं केलं ते त्यांनी माझ्याच ओठाला लावलं.

बाराच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. बाळाचे ठोके लाटेबरोबर खाली जात होते आणि परत वर यायला वेळ लागत होता. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी थोडा वेळ बघते. नाही सुधारले तर लगेच सिझर करायचं. ऑपरेशनची तयारी करायला सांगितलीय."

मला भीती वाटली. पण ती वेगळी होती. आपलं काय होईल याची ती भीती नव्हती. त्या यंत्रातल्या ठोक्यांसाठी माझा जीव कानात आला होता. मी म्हटलं, "करा, बाई. जे लागेल ते करा." आणि मग आत्तींचा हात घट्ट धरून श्वास सोडत राहिले. आता मला काही जिंकायचं नव्हतं. मी बाळाला वारा घालावा तसा श्वास घालत होते. आत्तींचा आवाज जराही ढळला नाही. हळूहळू ठोके सावरले. डॉक्टरीणबाईंनी कान लावून खात्री केली आणि मान हलवली. "छान. आता जोर करा."

शेवटच्या त्या टोकाला मला पुन्हा ओरडावंसं वाटलं. आणि सवयीनं मी ओठ दाताखाली धरला.

आत्तींनी ते बघितलं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि अंगठ्यानं ओठ सोडवला. "वरड," त्या म्हणाल्या. "वरडायचं आसंल तर वरड गं. सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाऊ दे."

मी ओरडले. मला वाटतं पाच वर्षांपूर्वीचंही त्यातच ओरडून घेतलं. गार्गी दीडच्या थोडी आधी आली. ओली, जांभळट, मुठी आवळलेली. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा ती आधी नुसती बघत होती, मग रडली.

संदीप चारला आले. शॉपमधल्या काळ्या कपड्यांतच. लॉकर उघडला तेव्हा अकरा मिस्ड कॉल दिसले म्हणे. ते लेकीला हात लावायला घाबरत होते, म्हणून आधी बेसिनला तीन वेळा साबणानं हात धुऊन आले. मग म्हणाले, "मी वाचायचं पाठ केलंतं की गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्तींनी त्यांना चहा आणायला पिटाळलं.

खोलीत आम्ही तिघीच उरलो. ऊन भिंतीवर तिरपं आलं होतं. आत्ती खुर्चीवर बसल्या होत्या, गाऊन अजून अंगावर, उलटाच. त्या लेकीच्या पावलांकडे बघत बोलायला लागल्या. घसा बसल्यामुळे आवाज घोगरा येत होता.

"संदीपच्या येळंला मी एकुणीस वर्साची हुतो. घरातच झालो बाळंत. सोप्यात पावणं बसलंतं. सासूनं माझा पदर माझ्याच तोंडात कोंबला. म्हणली, चावून धर, आवाज गेला तर घराण्याची अब्रू जाईल. पोर झाल्यावर पदर काढला तवा त्याला भोकं पडलीती." त्यांनी लेकीचं दुपटं सारखं केलं. "शंभूच्या येळंला मी तुला गप बस म्हटलं. चुकलं माझं. पण खरं सांगू का? मला दुसरं काय म्हणायचं आसतंय ते ठावंच न्हवतं."

मागची पाच वर्षं मी ते शब्द आत्तींचे समजत होते. ते त्यांचे नव्हतेच. त्यांच्याही तोंडात ते कुणीतरी कोंबले होते.

सव्वा महिन्यानं पेढे घेऊन महादेवी सिस्टरांना भेटायला गेलो. मी त्यांना मोबाईल विसरल्याचं सांगितलं, गाडीतलं सांगितलं. त्या आत्तींकडे वळून म्हणाल्या, "अक्का, माझा आवाज मोबाईलबरोबर घरी राहिला, बरंच झालं. गाडीत घरचाच आवाज होता की." पुढच्या रविवारी त्यांनी आत्तींना वर्गात येऊन बोलायला सांगितलं. आत्ती लाजून लाल झाल्या आणि "मला म्हशीस्नी पेंड घालायची आसती" म्हणून सुटल्या. पण आता गल्लीतल्या कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले की ती आत्तींजवळ येऊन बसते. त्या काही शिकवत नाहीत. पाठीवर हात ठेवून इकडचं तिकडचं बोलतात. आणि दवाखान्यात जायला उशीर करू नका म्हणून घरच्यांना दम देतात, तो मात्र त्यांच्या नेहमीच्या आवाजात.

एवढं सगळं होऊन मी त्यांना कधी तोंडानं काही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे घरात आभार मानायची रीत नाही. मानले तर माणूस परकं झाल्यासारखं वाटतं. यंदा हंगाम सुरू झाला, तो वास आला आणि मला वाटलं, बोलून टाकावं. गेल्या रविवारी आम्ही दोघी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "आत्ती, गार्गीच्या वेळी तुम्ही आत आलात. फार उपकार झाले तुमचे. मी कधी बोलले नाही."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता झापणार.

"खुळी का काय तू?" त्या म्हणाल्या. "अगं, तीन लेकरं झाली मला. तिन्ही येळंला डोळं मिटलेलं, त्वांड दाबलेलं. म्हशीची लई बघितली, माणसाचं कवा बघितलं न्हवतं. जीव कसा येतोय भाईर, ते तू मला आत घेतलंस म्हणून दिसलं." मग त्या माझ्याकडे बघून, अगदी खरंच विचारावं तसं म्हणाल्या, "मग उपकार कुणी कुणावर केलं, सांग की?"

त्यांच्या सुपातल्या मूठभर शेंगा मी माझ्याकडे ओढून घेतल्या आणि आम्ही दोघी सोलत राहिलो.